खेळ रचणाऱ्यांचे मेळावे

ठरलेल्या मुदतीत, बहुधा ४८ तासांत, नवा खेळ घडवण्याच्या मेळाव्याला गेम जॅम म्हणतात. आरंभी एक विषय जाहीर होतो, एकमेकांना न ओळखणाऱ्या मुलामुलींचे गट जमतात, कोणी कोड लिहितो, कोणी चित्रे काढतो, कोणी आवाज बसवतो. मुदत संपली की प्रत्येक गटाचा खेळ बाकीचे सगळे खेळून पाहतात. जॅम आणि एरवीची स्पर्धा यांतला फरक या शेवटच्या टप्प्यात आहे. खेळ रचणाऱ्याला आपल्या खेळातली खोट दिसत नाही आणि परीक्षकालाही ती अर्धवटच दिसते. जो पहिल्यांदाच खेळायला बसतो, तो ती पाच मिनिटांत दाखवून देतो.

या प्रकाराची सुरुवात २००२ सालची. त्या वर्षी मार्चमध्ये अमेरिकेतल्या ओकलंड येथे ख्रिस हेकर, शॉन बॅरेट आदी मंडळींनी काही निवडक प्रोग्रामर जमवून ‘इंडी गेम जॅम’ भरवला. पुढच्याच महिन्यात ‘लुडम डेअर’ ही इंटरनेटवरची स्पर्धा सुरू झाली. २००६ मध्ये कोपनहेगनला ‘नॉर्डिक गेम जॅम’ झाला आणि त्याच धर्तीवर जानेवारी २००९ मध्ये पहिला ‘ग्लोबल गेम जॅम’ पार पडला, तोही एकाच शनिवार-रविवारी २३ देशांतल्या ५३ ठिकाणी. २०१३ साली त्याचा विषय शब्दांत दिलेलाच नव्हता. हृदयाच्या ठोक्यांचा आवाज ऐकवला गेला, एवढेच. त्यातून ‘सर्जन सिम्युलेटर’ हा थरथरत्या हातांनी शस्त्रक्रिया करायचा विनोदी खेळ निघाला आणि पुढे तो बाजारातही चालला. नियमांची वाक्येच ढकलून बदलायला लावणारा ‘बाबा इज यू’ हा २०१७ च्या नॉर्डिक जॅममधला.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने सर्वांत शिकण्यासारखा प्रयोग मात्र जॅमच्या नावाने झालाच नाही. २००५ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या चार विद्यार्थ्यांनी एका सत्रात ५० हून अधिक छोटे खेळ केले. प्रत्येक खेळ एकट्याने आणि सात दिवसांच्या आत, ही अट. चिकट गोळ्यांचा मनोरा रचायचा त्यातला एक खेळ पुढे २००८ च्या ‘वर्ल्ड ऑफ गू’चे बीज ठरला. बाकीचे बहुतेक खेळ विस्मरणात गेले आणि त्यात गैर काही नाही. एक खेळ दोन वर्षे घासत बसण्यापेक्षा पन्नास खेळ बिघडवून पाहिले, तर कोणता नियम मजा आणतो आणि कोणता नुसती गर्दी करतो, हे लवकर कळते. त्याच वर्षी डिजिपेन या संस्थेतल्या विद्यार्थ्यांचा ‘नार्बाक्युलर ड्रॉप’ हा खेळ महाविद्यालयाच्या नोकरी मेळाव्यात व्हॉल्व्ह कंपनीच्या लोकांनी पाहिला, सगळ्या गटालाच कामावर घेतले, आणि त्यातून २००७ मध्ये ‘पोर्टल’ हा खेळ आला. ही गोष्ट विद्यार्थ्यांना फार वेळा सांगितली जाते आणि त्यामुळे जॅम म्हणजे लॉटरीचे तिकीट असा समज होतो. तो काढून टाकलेला बरा.

मेळाव्याचा दुसरा भाग म्हणजे व्याख्याने. आज जगात सर्वांत मोठी मानली जाणारी गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स १९८८ मध्ये ख्रिस क्रॉफर्ड यांच्या सॅन होजेमधल्या घरी, बैठकीच्या खोलीत, पंचवीस-तीस जणांच्या गप्पांतून सुरू झाली. या क्षेत्रात व्याख्यानाचा एक खास साचा रूढ आहे, शवविच्छेदनाचा. खेळ पूर्ण झाल्यावर तो करणाराच उभा राहून काय जमले आणि काय फसले ते आकड्यांसह सांगतो. आपल्याकडच्या पाहुण्यांच्या भाषणात शाल, श्रीफळ, परिचय आणि आभार यांत पाऊण तास जातो आणि उरलेल्या वेळात यशाचा मंत्र दिला जातो. विद्यार्थ्याला मंत्रापेक्षा फसलेल्या पायरीची माहिती जास्त कामाची असते.

भारतात नॅसकॉम या माहिती-तंत्रज्ञान उद्योगाच्या संघटनेने जॅम आणि व्याख्यानांचा हा व्यवहार बराच काळ वाहिला. तिचा ‘बिल्ड युअर ओन गेम’ हा ४८ तासांचा ऑनलाइन जॅम विद्यार्थ्यांत माहीत होता आणि तिची गेम डेव्हलपर परिषद काही वर्षे पुण्यात भरत असे. २०१६ मध्ये ती हैदराबादला गेली. पुण्याजवळ फुरसुंगीला फ्रेंच संस्थेच्या सहकार्याने डीएसके सुपइन्फोगेम ही गेम डिझाइन शिकवणारी शाळा होती, तीही बंद पडली. तरी पुण्याचा वारसा तुटला नाही. नॉडिंग हेड्स गेम्स या तिथल्या छोट्या स्टुडिओने किकस्टार्टरवर पैसे उभे करण्याचा प्रयत्न केला, तो फसला, आणि तरीही ऑगस्ट २०२० मध्ये ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ प्रसिद्ध केला. त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या खेळांत त्याला नामांकन मिळाले. १ ते ४ मे २०२५ या काळात मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात ‘वेव्हज’ ही केंद्र सरकारची दृक्-श्राव्य मनोरंजनाची परिषद झाली आणि त्याच वर्षी मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीची सुरुवात झाली. म्हणजे जे काही आहे ते पुणे, मुंबई, हैदराबाद इथे.

अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतचा अहमदनगर जिल्हा, पुण्यापासून १२० किलोमीटरवर आहे आणि संगणक शिकणाऱ्या मुलांची इथे वाण नाही. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली, तेव्हा सहकारी साखर कारखान्यांभोवती वाढलेल्या शिक्षणसंस्थांनी ती लगेच धरली. लोणीचे प्रवरा, संगमनेरचे अमृतवाहिनी, कोपरगावचे संजीवनी आणि विळद घाटातले विखे पाटील महाविद्यालय ही त्याच लाटेतली. हॅकेथॉन हा शब्द या आवारांत आता नवा नाही. २०१७ पासून स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमुळे तो तालुक्यापर्यंत पोचला. २०२१ चा ‘टॉयकॅथॉन’ तर खेळणी आणि खेळ यांच्यासाठीच होता. देशभरातून सुमारे १ लाख २० हजार जणांनी नाव नोंदवले, १७ हजारांवर कल्पना आल्या, त्यांतल्या १,५६७ अंतिम फेरीसाठी निवडल्या गेल्या. कोरोनामुळे २२ ते २४ जूनची ती फेरी ऑनलाइन आणि फक्त डिजिटल कल्पनांची झाली.

पण हॅकेथॉनमध्ये गट परीक्षकांपुढे सादरीकरण करतो. समस्या, उपाय, बाजारपेठ, किती रुपये वाचतील. खेळाला हे माप लावले की तो ‘शैक्षणिक अ‍ॅप’ होतो आणि कोणी खेळत नाही. घरचा अडसर वेगळाच. ‘गेमिंग’ म्हटले की पालकांना पैसे लावून खेळायची अ‍ॅप्स आठवतात. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने त्या प्रकारावर बंदी घातली, तेव्हा खेळ बनवणेही बेकायदा झाले असे समजणारे पालक निघाले तर नवल नाही. त्या कायद्यात पैशांचे खेळ आणि इतर खेळ यांत स्पष्ट भेद केला आहे, हे जॅम भरवणाऱ्याने पहिल्याच सूचनेत लिहावे.

खेळाच्या रचनेचा विषय या जिल्ह्याला परका नाही. ज्ञानेश्वरी १२९० साली नेवाशात सांगितली गेली, आणि ज्या मोक्षपटापासून आजचा सापशिडीचा खेळ आला, त्याचे कर्तेपण परंपरा ज्ञानेश्वरांकडेच देते. हाती असलेले पट मात्र अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले आहेत, त्यामुळे हे श्रेय परंपरेचे म्हणूनच घ्यावे. पश्चिम भारतातल्या या पटांवर कोपनहेगन विद्यापीठात याकोब श्मिट-मॅडसेन यांनी २०१९ मध्ये प्रबंध पूर्ण केला. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे ग्रंथपाल राहिलेले वा. ल. मंजूळ यांनीही मोक्षपटाचा शोध घेतला होता. सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप आणि वर मोक्ष. दान कवड्यांचे. इंग्लंडात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो मुलांचा खेळ झाला आणि मोक्ष गळाला.

डिझायनरच्या नजरेने मोक्षपटात एक मोठी गंमत आहे. खेळाडूला त्यात निर्णयच नाही. पडेल ते दान, मिळेल ती वाट. कर्मफळ शिकवायला हे योग्य असेल किंवा नसेल, वाद घालता येईल, पण विद्यार्थ्यांच्या कार्यशाळेसाठी याहून चांगला पहिला धडा सापडणार नाही. प्रत्येक गटाला कागदाचा पट द्यायचा आणि सांगायचे : एकच नियम बदला, पण खेळाडूला निवड करावी लागली पाहिजे. कोणी दोन सोंगट्या देईल, कोणी शिडी नाकारायची मुभा देईल, कोणी साप दुसऱ्याच्या वाटेत सरकवू देईल. तासाभरात दहा वेगळे खेळ तयार होतात आणि वीज जाते-येते याची चिंता नाही.

दुसरे साहित्य पाण्याचे. याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजार या गावात पडलेल्या पावसाचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडून पिके ठरतात, शेतीसाठी बोअरवेल घेत नाहीत, ऊस-केळी लावत नाहीत. सामाईक साठा, प्रत्येकाचा मोह आणि सगळ्यांनी पाळायचा नियम, एवढ्यावर खेळ उभा राहतो. २०१३ च्या सुमारास आंध्र प्रदेशातल्या गावांत फाउंडेशन फॉर इकॉलॉजिकल सिक्युरिटी आणि एक आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था यांनी असाच भूजलाचा खेळ शेतकऱ्यांना खेळवला. पाच जण दर फेरीला कमी पाण्याचे किंवा जास्त पाण्याचे पीक निवडत. आधी आपसांत न बोलता, मग बोलायची मुभा. नगरच्या मुलांना हा विषय पुस्तकातून शिकावा लागत नाही, घरीच उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसतो.

खर्चाचा प्रश्न फारसा नाही. गोडो हे खेळ बनवायचे इंजिन २०१४ पासून मुक्त आणि मोफत आहे, सध्याच्या प्रयोगशाळांतल्या साध्या संगणकांवर चालते. खरी अडचण संयोजनाची, आणि तीही जिल्ह्याला अवघड नाही. नगरच्या महाकरंडक एकांकिका स्पर्धेला राज्यभरातून संघ येतात. नेपथ्याच्या मिनिटांपासून निवासापर्यंत सगळे चोख होते. जॅम हा एकांकिकेचाच भाऊ आहे : थोडा वेळ, छोटा गट, तरुण मंडळी आणि समोर न चुकणारा प्रेक्षक. मात्र रोख बक्षीस ठेवू नये. बक्षीस आले की गट आधीच तयार केलेले काम घेऊन येतात. त्यापेक्षा खेळून पाहण्याचा वेळ दुप्पट करावा आणि तेवढ्या वेळात खेळ रचणाऱ्याने तोंड बंद ठेवण्याचा नियम करावा. खेळाडू कुठे अडखळला ते पाहून लिहून घ्यायचे, समजावून सांगायचे नाही. कोडिंग न येणाऱ्या कला आणि मराठी शाखेच्या मुलांना मुद्दाम बोलवावे, कारण नियम लिहिणे हे भाषेचे काम आहे.

ग्लोबल गेम जॅम दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस असतो आणि कोणतीही संस्था त्याचे केंद्र म्हणून नाव नोंदवू शकते. लोणी, संगमनेर, कोपरगाव किंवा विळद घाट, यांपैकी एका तरी महाविद्यालयाने येत्या जानेवारीत एक प्रयोगशाळा त्यासाठी रात्रंदिवस उघडी ठेवावी, पहिला अर्धा दिवस संगणक बंद ठेवून कागद आणि कवड्यांनी काम सुरू करावे, आणि रविवारी संध्याकाळी गावातल्या शाळकरी पोरांना खेळायला बोलवावे.