जात्याची घरघर पुसावी काय?

आजीच्या ओव्या, गावच्या मंडळाचे भजन, कार्तिकातील काकडा हे सारे आता घरातल्या भ्रमणध्वनीवर मुद्रित करता येते. महाराष्ट्राबाहेर नांदणाऱ्या मराठी कुटुंबांना या सोयीचे मोल विशेष आहे. आमचे भैंसा गाव १९५६ नंतर आंध्र प्रदेशात होते, २०१४ पासून तेलंगणात आहे. २०१६ साली आदिलाबाद जिल्हा जाऊन निर्मल जिल्हा आला. सीमा बदलल्या, तरी कित्येक घरांतील बोली मराठीच राहिली. अशा ठिकाणी ओवीचा उच्चार ग्रंथात नव्हे, कंठातच जतन झालेला असतो. म्हणून तो मुद्रित केल्यावर त्यावर अखेरचा हात कसा फिरवावा, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

या अखेरच्या संस्कारास व्यवसायात ‘मास्टरिंग’ म्हणतात. ज्या मूळ मुद्रणावरून प्रती काढीत, त्यास ‘मास्टर’ म्हणत. त्यावरून हा शब्द रूढ झाला. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यास गौहरजानचे गाणे मेणाच्या तबकडीवर घेतले, आणि प्रती काढण्यासाठी ते मुद्रण जर्मनीतील हॅनोव्हरला गेले. गाणारी एकीकडे आणि तबकडी सिद्ध करणारे सातासमुद्रापार! ते अंतर आज उरलेले नाही. स्टाइनबर्ग या जर्मन कंपनीने १९९६ साली ‘व्हीएसटी’ ही पद्धत आणली आणि संगणकातील मुख्य प्रणालीस जोडता येणारी छोटी छोटी साधने, म्हणजेच ‘प्लग-इन’, सर्रास निर्माण होऊ लागली. २००० साली आलेली ‘ऑडॅसिटी’ ही प्रणाली तर विनामूल्य मिळते. स्टुडिओतील अवजड यंत्रांचे काम त्यामुळे घरच्या मेजावर आले. मात्र त्याबरोबर जबाबदारीही घरी आली.

यातील मुख्य साधने तीन. ‘इक्वलायझर’ आवाजातील खर्ज-तार अंशांचे प्रमाण कमी-अधिक करतो. आपल्याकडील विजेची गुणगुण ५० हर्ट्झची असते. ती आणि तिच्या १००, १५० या पटी नेमक्या कापता येतात. परंतु सरसकट सारा खर्जच छाटला, तर पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या बाजूचा घुमारा नाहीसा होतो. ‘कॉम्प्रेसर’ मोठा आवाज दाबून लहान-मोठ्यातील अंतर कमी करतो. बुवांचा एकट्याचा स्वर आणि टाळकऱ्यांचा एकवटलेला गजर यांतील चढ हाच भजनाचा प्राण असल्याने हे साधन हलक्या हातानेच वापरावे. ‘लिमिटर’ आवाजास ठरावीक मर्यादा ओलांडू देत नाही. त्याच्या बळावर मुद्रण कर्कश करण्यात लाभ नाही. यूट्यूब उणे १४ एलयूएफएस या पातळीच्या आसपास मोठा आवाज आपणहून खाली आणते. मुद्रण करतानाच आवाज फाटला असेल, तर तो पूर्ववत करणे मात्र कोणत्याही साधनास साधत नाही. म्हणून पातळी आरंभीच बेताची ठेवावी.

खरी कसोटी गोंगाट घालवणाऱ्या चौथ्या साधनाची आहे. गाणे नसलेला एखाददुसऱ्या सेकंदाचा तुकडा त्यास दाखवावा लागतो. त्यात कोणत्या कंपनसंख्येचा आवाज किती आहे हे ते मोजते आणि सबंध मुद्रणात त्या पातळीखालचा आवाज दाबते. पंख्याच्या आवाजावर हा उपाय गुणकारी आहे. परंतु दळताना म्हटलेल्या ओवीत दोन चरणांमध्ये जे ऐकू येते, ती जात्याची घरघर असते. साधनाच्या लेखी पंखा आणि जाते एकच! घरघर गेली की ओवी स्वच्छ होते, पण निराधारही होते. कारण दळणारीच्या हाताच्या फेऱ्यावरच तिची लय तोललेली असते. उपाय अतिरेकी झाला, तर स, श, ह यांसारखे वर्णही बोथट होतात आणि जो उच्चार जपायचा, तोच पुसला जातो.

ओव्यांचे मोल जाणून हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी १९८७ च्या सुमारास संकलनास आरंभ केला. महाराष्ट्रातील सुमारे एक हजार गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी जमविल्या; बर्नार्ड बेल यांनी त्यांपैकी अनेकींचे ध्वनिमुद्रण केले. २०१७ पासून ‘पारी’ हे ग्रामीण भारताचे संग्रहालय त्या प्रसिद्ध करीत आले आहे. तेथे ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गावही दिलेले असते. आपल्या घरच्या मुद्रणासही हाच दंडक असावा.

म्हणून वाचकांनी एवढे अवश्य करावे. मूळ मुद्रण एमपी३ मध्ये न आटवता ‘वेव्ह’ स्वरूपात, हात न लावता दोन ठिकाणी ठेवावे. सारे संस्कार प्रतीवर करावेत. गाणाऱ्या व्यक्तीचे नाव, गाव आणि तारीख लिहावी. मग प्रत तयार झाली की ज्यांचा तो आवाज आहे, त्यांनाच ती प्रथम ऐकवावी. त्यांना आपला कंठ ओळखता आला, तर काम साधले. घरघर कोणती पुसावी आणि कोणती राखावी, हे यंत्रास कळत नाही. घरच्या माणसांना कळते.