फळीची जाडी, टेबलाची रुंदी
(लेखमाला : कामाची जागा, लेखांक 6)

मागच्या लेखात आपण खुर्चीची उंची ठरवली. आता नजर. मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी आणि हात सरळ केला की बोटं पडद्याला टेकावीत, एवढं जमलं तर मान पुष्कळ सुखावते. दूरचं-जवळचं एकाच काचेतून दिसणारा चष्मा असेल, तर मॉनिटर आणखी खाली हवा. नाहीतर काचेच्या खालच्या भागातून वाचण्यासाठी माणूस दिवसभर हनुवटी वर करून बसतो.

आता हा मॉनिटर तिथे धरून कशाने ठेवायचा? सोबत आलेल्या स्टँडने, की टेबलाच्या कडेला आवळलेल्या आर्मने? दुकानात मॉनिटरकडे बघून सल्ला देतात. माझ्या मते आधी टेबल बघावं.

टेप घ्या आणि टेबल पुढून मागे किती रुंद आहे ते मोजा. बेडरूममध्ये पलंग आणि कपाट बसल्यावर उरलेल्या जागेत सुतार 45 सेंटीमीटरचं टेबल बसवून देतो. त्यातले वीसेक सेंटीमीटर स्टँडचा पाय खातो आणि 24 इंची पडदा तोंडाशी येतो. अशा टेबलाला आर्मचा खरा उपयोग आहे, कारण पडदा पार मागे नेता येतो आणि खाली वही पसरायला जागा मिळते. मात्र क्लॅम्पसाठी टेबल भिंतीपासून थोडं पुढे ओढावं लागतं. आर्मचं कोपर मागे जायला जागा नसेल, तर ते बाजूला दुमडेल असंच बसवायचं. टेबल 60-70 सेंटीमीटर रुंद असेल, तर मी स्टँडच सुचवेन. तो फक्त पुढे-मागे कलत असेल आणि उंची बदलत नसेल, तर खाली एक मजबूत पाट ठेवा. काम भागतं, आणि तेही जवळजवळ फुकटात.

आर्म ठरला, तर फळीकडे नीट बघा. स्टँडचा भार सरळ खाली जातो. आर्म मात्र तरफेसारखा फळी उचकटू पाहतो. 4 किलोचा मॉनिटर क्लॅम्पपासून 50 सेंटीमीटर पुढे आणला आणि क्लॅम्पची फळीवरची पकड 10 सेंटीमीटरची असली, तर त्या पकडीवर साधारण 20 किलोचा जोर येतो. आर्मचं स्वतःचं वजन वेगळंच. 19 एमएमचा चांगला प्लाय हे सहज पेलतो. पार्टिकल बोर्ड म्हणजे डिंकाने दाबलेला लाकडाचा चुरा. त्याच्या मागच्या कडेची पट्टी निघालेली असेल आणि दोन पावसाळ्यांची ओल आत शिरलेली असेल, तर क्लॅम्पखाली फळी हळूहळू दबत जाते. कडेवरून नख फिरवून पाहा. भुसा सुटला, तर तिथे आर्म लावू नका. फळी कोरडी, टणक पण पातळ असेल, तर क्लॅम्पच्या वर-खाली लोखंडी पट्ट्या घाला, म्हणजे जोर पसरतो. काचेच्या टेबलाला क्लॅम्प लावूच नये.

मॉनिटरकडून दोनच गोष्टी तपासायच्या. मागे चौकोनात चार भोकं हवीत. त्यांच्यातलं अंतर बहुधा 75 किंवा 100 मिलिमीटर असतं, त्याला वेसा मापं म्हणतात. आणि स्टँडविना वजन आर्मच्या मर्यादेत बसायला हवं. ही मर्यादा खालचीही असते, हे बरेच जण बघत नाहीत. गॅस स्प्रिंगच्या आर्मवर फार हलका मॉनिटर लावला, तर तो आपोआप वर सरकतो आणि जड असला, तर हळूहळू खाली येतो. मर्यादेतल्या वजनाला ॲलन कीने ताणाचा स्क्रू थोडा थोडा फिरवा, दर वेळी हात सोडून बघा. मॉनिटर सोडला तिथेच थांबला, की झालं.

कळकळीची एक सूचना. मॉनिटर काढताना आर्म आधी पार वर न्या आणि मगच स्क्रू सोडा. खाली दाबलेल्या स्थितीत वजन निघालं, तर आर्म उसळतो आणि समोरच्याच्या तोंडावर बसू शकतो. घरात लहान मुलं असतील, तर त्या वेळी त्यांना खोलीबाहेर पाठवा.

पुढच्या आठवड्यात : टेबलावरचा दिवा आणि पडद्यावर पडणारी खिडकीची चमक.