पाहुण्यांना आपला मुलूखही दाखवा

जुलै लागला की कोकणात, मराठवाड्यात कितीतरी घरांच्या अंगणात बॅगा उतरतात. कुवेत, दोहा, दुबईहून मामू, चाचा, फुफी मुलाबाळांसह सुटीला येतात. कार्यक्रम ठरलेला असतो: दोन लग्नं, एक मंगनी, दातांचा डॉक्टर, सोनाराचं दुकान, मुंबईतला एखादा मॉल आणि परतीचं विमान. त्या मुलांच्या मनात वतन म्हणजे शादीचा हॉल, डास आणि गेलेली वीज. त्यांचा काय दोष? आपण दुसरं काही दाखवलेलंच नसतं. हीच मंडळी पुढच्या सुटीत हौसेने इस्तंबूलला जातात. जावं, जरूर जावं. जमिनीवर फिरा आणि आधीच्या लोकांचं काय झालं ते पाहा, असं कुरआननेच पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. पण त्या जमिनीत आपली जमीनही येते.

आम्ही सुचवतो ते छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपलं जुनं औरंगाबाद, आणि त्याच्या आसपासचा परिसर. पावसाळ्यात मराठवाड्याचं ऊन उतरलेलं असतं, डोंगर हिरवे होतात. दोन दिवस पुरतात. अजिंठा शंभर किलोमीटरवर असल्याने त्यासाठी तिसरा.

बीबी का मकबरा मुलांना आवडतोच, त्याबद्दल वेगळं काय सांगावं! आमचा आग्रह पाणचक्कीचा आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहजवळ डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून, जमिनीखालून, काही किलोमीटर आणलं आणि त्याच्या जोरावर जातं फिरवलं. त्या पिठाच्या रोट्या फकिरांना आणि मुसाफिरांना मिळत. विज्ञान शिकणाऱ्या मुलाला हा धडा वर्गात बसून मिळणार नाही.

या शहराची मुळं रुजवली मलिक अंबरने. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. 1610 मध्ये त्याने खडकी वसवली, शहराला नहर दिली. 1624 मध्ये भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. आपल्या मुलांना ही गोष्ट माहीत हवी, आणि शेजारच्या मुलांनाही. 1626 मध्ये तो वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. तिथे गर्दी नसते.

खुलताबादचं नाव हल्ली वर्तमानपत्रांत भांडणापुरतंच येतं. पण हा गाव मुळात सूफी बुजुर्गांचा. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे मुरीद बुरहानुद्दीन गरीब इथेच विसावले आहेत. औरंगजेबाची कबरही इथेच, वरून उघडी, मातीची. मुलं प्रश्न विचारतील. विचारू द्या, माहीत असेल तेवढंच उत्तर द्या. मोबाईलवर आलेलं पुढे ढकलू नका. तिथून वेरूळ अगदी जवळ. कैलास लेणं पाहिल्याशिवाय परतायचं नाही. एका सकाळी दर्गाह आणि लेणी दोन्ही पाहता येणारी अशी ठिकाणं जगात फार नसतील.

वाटेत दौलताबाद. इब्न बतूता चौदाव्या शतकात इथे येऊन गेला. किल्ल्यातली अंधारी मुलांना फार आवडते. आजीला मात्र खाली चांदमिनाराजवळच सावलीत बसवा, चढ अवघड आहे.

तक्रारीही आहेत. बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहं सगळीकडे सापडत नाहीत, म्हणून सकाळी निघतानाच सोय पाहून घ्यावी. भिंतींवर कोरलेली नावं पाहून पाहुण्यांसमोर मान खाली जाते. त्यांत आपल्याही मुलांची नावं असतात, हे कबूल करायला हवं. वुजूसाठी पाण्याची बाटली आणि एक जानमाज गाडीत ठेवावं.

वेरूळ मंगळवारी बंद असतं, अजिंठा सोमवारी. म्हणून तिकडची तिकिटं निघण्याआधीच फोन करून दिवस ठरवा, आणि एका रात्रीचं जेवण शहरात नान-खलिया खाण्यासाठी मोकळं ठेवा. दावती काय, परत आल्यावरही होतील.