भीती अणूची, सवय धुराची

१८ एप्रिल २०११. रत्नागिरी जिल्ह्यातील साखरी नाटे या मच्छीमारांच्या गावात जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाविरुद्धचे आंदोलन चिघळले. पोलिसांनी केलेल्या गोळीबारात एका मच्छीमाराचा मृत्यू झाला. जपानमधील फुकुशिमा दुर्घटनेला तेव्हा जेमतेम पाच आठवडे झाले होते. माडबन परिसरातील सुमारे ९३८ हेक्टर जमिनीवर प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या, म्हणजे एकूण ९,९०० मेगावॅटचा प्रकल्प, अशी योजना होती. हापूसच्या बागांचे काय होणार, समुद्रात सोडलेल्या गरम पाण्याने मासळी टिकेल का, अपघात झाला तर पळायचे कुठे, असे प्रश्न गावोगावी विचारले गेले. अनेक जमीनमालकांनी मोबदल्याचे धनादेश नाकारले. आजही तिथे अणुभट्टी उभी राहिलेली नाही.

महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला चंद्रपूर आहे. तिथल्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला. ७० च्या वर गुण म्हणजे ‘अतिप्रदूषित’. चंद्रपूरला मिळाले ८३.८८. चंद्रपूरकरांनी याविरुद्ध आवाज उठवला, अजूनही उठवतात. परंतु जैतापूरने जसे सारे राज्य ढवळून काढले, तसे या आकड्याने काढले नाही. दारातली राख झाडायची आणि कामाला लागायचे, हे अंगवळणी पडले.

एका प्रकल्पातून अजून एक युनिट वीज निघालेली नाही. दुसऱ्यातून गेली चार दशके वीजही निघते आहे आणि धूरही. मग लोकांना भीती वाटते ती पहिल्याची, हे कसे?

धूर शरीरात काय करतो?

कोळसा जळतो तेव्हा राखेचे कण, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि अल्प प्रमाणात पारा बाहेर पडतो. यातली जाड राख डोळ्यांना दिसते, म्हणून तक्रार तिची होते. खरा त्रास देतात ते अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे. सल्फर डायऑक्साइडपासूनही हवेत असेच सल्फेटचे सूक्ष्म कण तयार होतात आणि वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात. नाकातले केस किंवा घशातला कफ त्यांना अडवू शकत नाही. ते फुफ्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात, तिथे दाह निर्माण करतात, आणि त्यातले काही थेट रक्तात उतरतात.

म्हणूनच प्रदूषित हवेचे बळी फक्त दमेकरी नसतात. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, फुफ्फुसाचा कर्करोग, जन्मतः कमी वजनाची बाळे या सगळ्यांशी या कणांचा संबंध सिद्ध झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची सुरक्षित वार्षिक सरासरी घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमवर आणली. भारताची मर्यादा ४० आहे.

पण मृत्यूच्या दाखल्यावर ‘कोळसा’ असे कारण कधीच लिहिले जात नाही. तिथे लिहिलेले असते हृदयविकार, न्यूमोनिया, श्वसनक्रिया बंद पडणे. रुग्ण ६२ वर्षांचा असतो, कधीकाळी बिडी ओढलेला असतो, घरी चुलीचा धूरही असतो. यातला किती वाटा चिमणीचा, हे एका रुग्णाकडे पाहून कोणताच डॉक्टर सांगू शकत नाही. ते कळते लाखो लोकांची आकडेवारी एकत्र मांडल्यावरच.

अशी मांडणी २००७ मध्ये अनिल मार्कंड्य आणि पॉल विल्किन्सन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात केली. युरोपातील आकडेवारीनुसार दर शंभर कोटी युनिट विजेमागे कोळशामुळे सुमारे २५ मृत्यू आणि २२५ गंभीर आजार होतात. नैसर्गिक वायूसाठी हा मृत्यूंचा आकडा तीनच्या आसपास, तर अणुविजेसाठी ०.१ पेक्षाही कमी. नंतर चेर्नोबिल आणि फुकुशिमाचे बळी धरून केलेल्या हिशेबांतही अणुविजेचा आकडा कोळशाच्या तुलनेत फार खाली राहतो. तो पवनऊर्जा आणि सौरऊर्जेच्या रांगेत बसतो. हे आकडे युरोपचे आहेत, जसेच्या तसे विदर्भाला लावता येणार नाहीत. तरीही क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

मग लोक अडाणी आहेत का?

हे आकडे दाखवून आंदोलकांना ‘अडाणी’ किंवा ‘विकासविरोधी’ ठरवणे सोपे आहे. पण ते चूक आहे.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस एक पाहणी केली. तीस गोष्टींची धोक्यानुसार क्रमवारी लावायला त्यांनी लोकांना सांगितले. महिला मतदारांच्या एका संघटनेच्या सदस्यांनी आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी अणुऊर्जेला पहिला क्रमांक दिला. तज्ज्ञांनी दिला विसावा. एक्स-रेबाबत नेमके उलटे झाले. तज्ज्ञांनी त्याला सातव्या क्रमांकावर ठेवले, तर त्या महिलांनी बाविसाव्या. किरणोत्सर्ग दोन्हीकडे असूनही भीतीत एवढी तफावत होती.

स्लोविक यांचा निष्कर्ष असा की, सामान्य माणूस केवळ मृत्यूंची संख्या मोजत नाही. धोका मी स्वतः पत्करला की माझ्यावर लादला? तो माझ्या हातात आहे का? तो एकदम शेकडो लोकांना गिळेल का? पुढच्या पिढीला भोवेल का? सांगणाऱ्यावर विश्वास ठेवावा का? हे सगळे तो तोलतो.

रुग्णालयातले उदाहरण घ्या. पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये रुग्णाला साधारण ८ ते १० मिलिसीव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. अणुवीज केंद्रामुळे सामान्य नागरिकाला वर्षभरात मिळू शकणाऱ्या किरणोत्सर्गाची कायदेशीर मर्यादा १ मिलिसीव्हर्ट आहे. तरीही रुग्ण सीटी स्कॅनला स्वतःहून तयार होतो, कारण लाभ त्याचा आहे, डॉक्टर समोर आहे आणि ‘नको’ म्हणण्याचा अधिकारही आहे. माडबनच्या शेतकऱ्याकडे यातले काय होते? जमीन सक्तीच्या संपादनात जाणार, वीज मुख्यतः शहरांकडे जाणार, आणि ‘काही होणार नाही’ एवढे आश्वासन तेवढे पदरात पडणार.

इतिहासही अविश्वासाच्या बाजूने बोलतो. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची भट्टी फुटली. सोव्हिएत सरकारने जगाला ते सांगितले २८ एप्रिलला. किरणोत्सारी आयोडीन गवतातून गाईंच्या दुधात उतरले आणि ते दूध मुलांना पाजले जात राहिले. पुढच्या दोन दशकांत, त्या वेळी लहान असलेल्या लोकांमध्ये थायरॉइड कर्करोगाचे सहा हजारांहून अधिक रुग्ण आढळले. उपचारांनी बहुतेक वाचले. पण दूध वेळीच थांबवले असते, तर यातले बरेच कर्करोग टळले असते. तिथे अणूइतकीच दडपलेली माहिती मुलांना बाधली.

फुकुशिमाची गोष्ट आणखी वेगळी. परिसरातील रहिवाशांत थेट किरणोत्सर्गामुळे आरोग्याची हानी झाल्याचे आढळलेले नाही, असे संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीने नोंदवले आहे. मात्र घाईघाईने केलेले स्थलांतर, तुटलेले उपचार आणि छावण्यांतले हाल यांमुळे फुकुशिमा प्रांतात दोन हजारांहून अधिक मृत्यू झाले. त्यात वृद्ध आणि अंथरुणाला खिळलेले रुग्ण जास्त होते. भीतीचे व्यवस्थापन नीट झाले नाही, तर भीतीही जीव घेते.

‘नको’ म्हटल्यावर काय?

फुकुशिमानंतर जर्मनीने अणुवीज बंद करण्याचा वेग वाढवला. १५ एप्रिल २०२३ रोजी तिथल्या शेवटच्या तीन भट्ट्या थांबल्या. सुरुवातीच्या वर्षांत अणुविजेची जागा बऱ्याच अंशी कोळशाने घेतली. त्यामुळे वाढलेल्या हवा प्रदूषणापायी दरवर्षी सुमारे १,१०० जादा मृत्यू झाले असावेत, असा अंदाज अर्थशास्त्रज्ञांच्या एका अभ्यासात मांडला गेला. मोर्चे अणूविरुद्ध निघाले होते. या १,१०० जणांसाठी मोर्चा निघाला नाही, कारण ते कोण हे कुणालाच ठाऊक नव्हते.

वीजच नको, हाही मार्ग नाही. लसींचा शीतकपाट, नवजात बाळाचा वॉर्मर, ऑक्सिजनचे यंत्र विजेवरच चालते. आणि पूर्णपणे निर्दोष वीज कुठेच नसते. कोयनेच्या पाण्याखाली गावे गेली. १९७५ मध्ये चीनमधील बान्चियाओ धरण फुटून हजारो माणसे वाहून गेली. सौर प्रकल्पाला जमीन लागते आणि ती कुणाची तरी असते.

तरी ‘हो’ आणि ‘नको’ यांच्या मध्ये एक वाट आहे, आणि ती महाराष्ट्रातच चालून झाली आहे. डहाणूच्या ५०० मेगावॅट औष्णिक केंद्राला चिकू बागायतदार आणि पर्यावरण कार्यकर्त्यांनी विरोध केला. केंद्र उभे राहिलेच. पण लढा तिथे संपला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली एक प्राधिकरण नेमले गेले. त्याने धुरातील सल्फर काढणारी यंत्रणा बसवण्याचा आग्रह धरला आणि वर्षानुवर्षे पाठपुरावा करून ती बसवून घेतली. देशातल्या बहुतेक कोळसा केंद्रांत ही यंत्रणा नव्हती, त्या काळात डहाणूत ती आली.

बाकी देशाचे काय झाले? केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये कोळसा केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ठरवली आणि दोन वर्षांची मुदत दिली. मुदत वारंवार वाढत गेली. जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य संचांना या यंत्रणेतून सूटच मिळाली. त्या दिवशी कुठेही रस्ता अडवला गेला नाही.

मोठ्या प्रकल्पाआधी जनसुनावणी घेणे कायद्याने बंधनकारक आहे. तिची सूचना तीस दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत मिळतो. पुढच्या वेळी आपल्या जिल्ह्यात अशी सुनावणी लागली, मग प्रकल्प अणूचा असो, कोळशाचा की धरणाचा, तर घोषणा द्यायला जरूर जावे. पण सोबत चार प्रश्न न्यावेत. आज इथल्या लोकांच्या फुफ्फुसांची आणि रक्तदाबाची स्थिती काय, याची नोंद प्रकल्पाआधी कोण करणार? हवा-पाण्याची मोजणी कोण करणार आणि तिचे आकडे गावाच्या फलकावर रोज लागणार का? अपघात झाला तर जिल्हा रुग्णालयात काय तयारी आहे? आणि हा प्रकल्प नाही झाला, तर त्याऐवजी वीज कुठल्या चिमणीतून येणार, आणि त्या चिमणीखाली कोण राहते?

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड. त्याचे उत्तर बहुतेक वेळा दुसऱ्या जिल्ह्यात असते, आणि तिथली माणसे त्या सुनावणीला आलेली नसतात.