हायल्युरोननची नव्वद वर्षं: खानदेशातले डोळे आणि गुडघे

जळगाव-धुळ्याकडे पन्नाशी उलटलेली माणसं गुडघ्यावर हात टेकून उठताना ‘वंगण संपलं’ म्हणतात. हे बोलणं शास्त्राला बरंच धरून आहे. सांध्यातल्या द्रवाला दाटपणा येतो तो मुख्यतः हायल्युरोनन या लांबलचक शर्करासाखळीमुळे. १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी हा पदार्थ गुरांच्या डोळ्यांतल्या पारदर्शक गरातून वेगळा काढला. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात तो जेमतेम १५ ग्रॅम असतो आणि त्यातला सुमारे तिसरा हिस्सा रोज मोडून नव्याने तयार होतो. त्वचेत तो पाणी धरून ठेवतो, जखम भरताना पेशींना वाट करून देतो. सापाच्या विषात याच साखळ्या तोडणारं विकर असतं, म्हणून विष मांसात झपाट्याने पसरतं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी डोळा बधिर करताना अनेक डॉक्टर तेच विकर औषधात मिसळतात, म्हणजे भूल नीट पसरते.

खानदेशाला या पदार्थाने सर्वांत मोठं काही दिलं असेल, तर ते डोळ्यांच्या बाबतीत. मोतीबिंदूच्या जुन्या शिबिरांत अख्खं भिंग काढत आणि रुग्ण जाड काचेचा चष्मा लावून घरी येई. एन्ड्रे बालाझ या शास्त्रज्ञाने कोंबड्याच्या तुऱ्यातून शुद्ध हायल्युरोनन मिळवलं आणि १९८०च्या सुमारास ते नेत्रशस्त्रक्रियेसाठी बाजारात आलं. आता ते बहुतेक जिवाणूंच्या किण्वनातून बनतं. डोळ्याला छेद दिला की आतलं पाणी ओघळतं आणि पुढचा कप्पा बसतो. डॉक्टर तिथे हा जेल भरतात. जागा फुगून राहते आणि पारपटलाच्या आतल्या, पुन्हा न उगवणाऱ्या पेशींना हत्यार लागत नाही. कृत्रिम भिंग बसलं की जेल धुऊन काढतात, कारण तो राहिला तर डोळ्यातला दाब वाढतो.

१९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या मदतीने मोतीबिंदू नियंत्रण प्रकल्प चालला. त्यातल्या सात राज्यांत महाराष्ट्र होता. शस्त्रक्रिया तात्पुरत्या शिबिरांतून रुग्णालयांत आल्या आणि भिंग बसवणं रूढ झालं. आपल्याकडे अशा ठिकाणी हायल्युरोननऐवजी स्वस्त मेथिलसेल्युलोजही भरपूर वापरलं जातं. गरिबाची दृष्टी परवडणाऱ्या पैशांत परत येते, यातच मला या कामाचं मोठेपण दिसतं.

गुडघ्याची कथा इतकी सरळ नाही. १९९७ मध्ये अमेरिकेत हायल्युरोननच्या सांध्यातल्या इंजेक्शनला मान्यता मिळाली, पण २०२२ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या मोठ्या आढाव्यात खोट्या औषधाच्या तुलनेत वेदनेतला फरक फार किरकोळ दिसला. या इंजेक्शनने झिजलेली कूर्चा परत येत नाही. कपाशी वेचून थकलेल्या गुडघ्याला मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि कमी केलेलं वजन अधिक भरवशाचं. पारा चाळीस-पंचेचाळीस अंशांपार नेणाऱ्या उन्हात कोरड्या पडणाऱ्या डोळ्यांना मात्र याच पदार्थाचे थेंब आराम देतात.

घरोघरी अजून ऐकू येतं, ‘मोतीबिंदू पिकू द्या, मग बघू.’ जुन्या पद्धतीत ते ठीक होतं. आता पिकायची वाट पाहण्याची गरज नाही, उलट फार पिकलेला मोतीबिंदू काढणं अवघड जातं. धूसर दिसून रोजची कामं अडू लागली, की आईवडिलांना डॉक्टरांकडे न्यावं.