पुरातून निघालेली बुलेट

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका, असा तिथला हिशेब. गावभागात मामांच्या जुन्या घराच्या चौकात त्यांची १९८४ ची बुलेट उभी होती. पाणी ओसरल्यावर ती दिसली तेव्हा टाकीपर्यंत गाळ बसला होता. मामांचे गुडघे तोवर थकले होते आणि किक मारणं त्यांना जमत नव्हतं. भंगारवाला दोनदा भाव सांगून गेला. तो तिसऱ्यांदा यायच्या आत मी गाडी टेम्पोत घालून साताऱ्याला आणली आणि हिचा कॅफे रेसर करायचा असं ठरवून टाकलं.

कॅफे रेसर हा शब्द लंडनचा. शहराच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावर एस कॅफे नावाचं एक ठिकाण १९३८ पासून होतं. ट्रकवाल्यांसाठी रात्रभर उघडं असलेल्या त्या जागी दुसऱ्या महायुद्धानंतर कामगारांची तरुण पोरं मोटरसायकली घेऊन जमू लागली. रेसची गाडी विकत घेण्याइतका पैसा कुणाकडेच नव्हता. मग रोजच्या गाडीवरचं नको ते काढायचं, हँडल खाली घ्यायचं, फूटरेस्ट मागे सरकवायचे, दोघांच्या सीटऐवजी मागे उंचवटा असलेली एकट्याची सीट बसवायची आणि ताशी शंभर मैलांचा काटा गाठायला निघायचं. नॉर्टनच्या चेसीत ट्रायम्फचं इंजिन बसवून त्यांनी केलेली ट्रायटन आजही या प्रकारातली मानाची गाडी समजली जाते.

आपली बुलेट त्याच घराण्यातली. १९५५ मध्ये मद्रासला एन्फील्ड इंडिया उभी राहिली ती भारतीय लष्कराला लागणाऱ्या बुलेटसाठी. पुढे इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडली, पण मद्रासला तेच इंजिन तयार होत राहिलं. ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोक, ३४६ सीसी, बीडाचा बॅरल. एवढ्या लांब स्ट्रोकचं इंजिन फार वेगाने फिरवलेलं सोसत नाही. त्यामुळे या बुलेटचा कॅफे रेसर शंभर मैल कधीच गाठणार नाही, हे आधीच मान्य करून कामाला लागावं. ज्याला निव्वळ वेग हवा त्याने दुसरी गाडी पाहावी.

पहिल्या गॅरेजात गाडी उतरवली आणि दहा मिनिटांत मालकाने खडूने चेसीच्या शेपटीवर रेघ मारली. 'इथनं कापू, नवा गोल पाइप मारू, एक नंबर दिसंल.' मी गाडी परत टेम्पोत चढवली. दुसरे मिस्त्री भेटले ते साठीच्या पुढचे, आधी कारखान्यात टर्नर होते, नंतर गॅरेज टाकलेलं. ते गाडीभोवती दोनदा फिरले आणि म्हणाले, 'काय कापायचं ते मागनं बघू. आदी काय ठिवायचं ते ठरवा.' पुढचे सात महिने काम त्यांच्याकडे झालं.

सातारा-सांगलीच्या पट्ट्यात असा माणूस भेटणं हा योगायोग नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळ, औंधच्या संस्थानिकांनी दिलेल्या माळावर कारखाना उभारला आणि लोखंडी नांगर घडवले. धनजीशहा कूपरांनी १९२२ मध्ये साताऱ्यात काम सुरू केलं. तिथेही आधी शेतीची अवजारं आणि मग डिझेल इंजिनं. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्सने साताऱ्यात प्रिया स्कूटर बनवली. तीन-चार पिढ्यांचे हात लेथवर आणि भट्टीवर तयार झाले. देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी जुन्या गाड्यांचे भाग जमवून किकवर सुरू होणारी छोटी जीप बनवली, तिचं २०२१ च्या डिसेंबरात देशभर कौतुक झालं आणि आनंद महिंद्रांनी त्यांना बोलेरो दिली. बाहेरच्यांना ते नवल वाटलं. इथल्या गॅरेजांतून वावरलेल्यांना ते ओळखीचं होतं.

आधी इंजिन. पिस्टन बॅरलमध्ये चिकटून बसला होता. प्लगच्या भोकातून डिझेल ओतून गाडी आठ दिवस तशीच ठेवली. नवव्या दिवशी मिस्त्रींनी लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोकलं तेव्हा तो पाव इंच सरकला. क्रँककेस उघडली आणि आतून कृष्णेचा काळा गाळ निघाला, वाटीभर, लोण्यासारखा मऊ. तो त्यांनी वर्तमानपत्रावर काढून बोटांत चोळून पाहिला. रेती किती आणि माती किती, यावर बेअरिंगचं भवितव्य ठरणार होतं. मोठं बेअरिंग गेलंच होतं. बॅरल चाळीस थाऊला रिबोअर करावा लागला, म्हणजे मूळ मापापेक्षा इंचाचे चाळीस हजारांश भाग जास्त.

मग आकार. चित्रांतल्या कॅफे रेसरला दोन वेगवेगळे हँडल असतात, पुढच्या फोर्कच्या नळ्यांवर थेट आवळलेले. मला तेच हवे होते. बुलेटला ते सरळ बसत नाहीत. तिच्या हेडलाइटचं ते मोठं डोकं, दोन्ही बाजूंना वाघाच्या डोळ्यांसारखे बारके दिवे असलेलं, नुसतं शोभेचं नाही. फोर्कच्या नळ्या वरून धरून ठेवणारा भाग तोच. तो काढायचा तर नळ्या धरायला नवा भाग, म्हणजे टी, घडवावा लागतो, आणि सगळं स्टिअरिंग त्या घरगुती टीच्या भरवशावर. मिस्त्रींनी साफ नकार दिला. त्याऐवजी मूळच्याच पकडीत बसणारं, खाली वाकलेलं एकसंध हँडल त्यांनी पाइप वाकवून केलं. बसवल्यावर हँडल पूर्ण वळवलं तर माझा अंगठा टाकी आणि मुठीच्या मधे चेंगरला. घाटातल्या वळणावर असं झालं असतं तर हात सोडवता आला नसता. पाइप पुन्हा गरम करून मूठ दीड बोट वर घेतली.

मागे सरकवलेल्या फूटरेस्टचंही तसंच. जुन्या बुलेटचा गियर उजव्या पायाला, पहिला वर आणि बाकीचे खाली. तरफ नुसती उलटी फिरवून मागे बसवली तर हा क्रम उलटा होतो आणि चाळीस वर्षांची सवय असलेला माणूस ऐन वेळी चुकीचा गियर टाकतो. म्हणून मधे एक सळी आणि दोन बॉल जॉइंट घातले, क्रम होता तसाच राहिला. शिवाय किकही उजवीकडेच, ती खाली येताना नव्या फूटरेस्टवर आदळत होती. मग फूटरेस्ट घडीचा केला. या एका कोपऱ्यावर पंधरा दिवस गेले. गाडीच्या फोटोत तो दिसतसुद्धा नाही.

सीटचा उंचवटा एका डेंटरने वाळूच्या पिशवीवर पत्रा ठोकून काढला. त्याने त्यावर जेमतेम नखभर लांबी भरली, कारण पत्रा बरोबर बसला होता. चेसीला सीट धरली ती मूळच्या भोकांतून, बोल्टने.

कार्बोरेटरला उघडा फिल्टर लावायचा मोह प्रत्येकाला होतो. तो लावला की हवा जास्त येते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, आणि जेट बदलत बसावं लागतं. त्यात उसाच्या हंगामात इस्लामपूर-आष्टा रस्त्यावर ट्रॉल्यांमागून उडणारी धूळ सरळ बॅरलमध्ये. आम्ही मूळचा डबाच ठेवला. ट्यूनिंगच्या दिवशी मिस्त्रींनी शेजारचा ग्राइंडर बंद करायला लावला आणि डोळे मिटून हवेचा स्क्रू पाव पाव फेरा फिरवत राहिले. मिरजेला तंबोऱ्याची जवारी लावणारा कारागीर मी पाहिला आहे. घोडीवर किंचित घासायचं, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. हे काम त्याच जातीचं. पाच किलोमीटर चालवून आल्यावर प्लग काढला, टोक बदामी होतं. पांढरं असतं तर मिश्रण पातळ, काळं असतं तर जाड.

कायद्याचंही स्पष्ट सांगितलं पाहिजे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल पाहता, उत्पादकाने नोंदवलेल्या मूळ मापांपासून गाडी मनाप्रमाणे बदलता येत नाही. चेसी कापणं, दुसऱ्या जातीचं इंजिन बसवणं हे त्यात सरळ येतं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करावी लागते, त्या वेळी ती आरटीओसमोर उभी करायची असते. म्हणून आम्ही चेसीला ग्राइंडर लावला नाही, सायलेन्सर मूळचा ठेवला, मडगार्ड आणि इंडिकेटर ठेवले. तरी प्रत्येक बदल आरटीओत विचारूनच करावा, आणि कागद नसलेल्या गाडीवर पैसा घालूच नये. पुरात वाहून आलेल्या कितीतरी गाड्या अशाच बेवारस विकल्या जातात.

पण कायदा नसता तरी मी हेच म्हणालो असतो. जुनी बुलेट, येझ्दी, राजदूत आता फार उरलेल्या नाहीत. म्हैसूरला येझ्दी १९९६ मध्ये थांबली, दूधवाल्यांची राजदूतही गेली. ज्यांच्याकडे अशी पूर्ण, चालती गाडी आहे त्यांनी ती कापू नये, नुसती चालू ठेवावी. आमच्यासारखी बुडालेली, अर्धी मेलेली मिळाली तरच हात घालावा.

गेल्या हिवाळ्यात साताऱ्याहून कराड, पेठ नाका, आष्टा करत ती सांगलीला नेली. मामा दारात आले, सीटकडे बघत राहिले आणि म्हणाले, 'माझं हँडल कुठाय?' ते ग्रीस लावून, मूळच्या सीटसोबत गोणपाटात बांधून त्यांच्याच माळ्यावर ठेवलं आहे, पुराच्या खुणेच्या वर. सोळा बोल्ट सोडले की गाडी पुन्हा १९८४ ची होते.