वाट कोणी द्यावी?

मोटारीचें दार उघडावयास एक क्षण पुरतो. गेल्या वर्षीं दिवाळीची सुटी संपून शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या. त्या दिवसांत एके सकाळीं निवृत्ति चौकांत, अर्ध्या शिवाजीच्या पुतळ्यापासून थोड्या अंतरावर, मीं असें एक दार उघडलें आणि आमच्या शिवाजी पेठेंतीलच एक तेरा वर्षांची मुलगी सायकलीसह त्या दारावर येऊन आदळली. गाडी आमच्या चिरंजीवांची. ती रस्त्याच्या डाव्या कडेला उभी होती. डावीकडील आसनावर लग्नघरीं न्यावयाच्या आहेराच्या पिशव्या ठेवलेल्या असल्यामुळें मी उजवीकडे, म्हणजे रस्त्याच्या बाजूस, बसलों होतों. मागें वळून न पाहतां मीं कडी ओढली.

मुलगी पडली, आणि माझ्या तोंडून पहिलें वाक्य निघालें तें असें : "अग, पुढें पाहून चालवतां येत नाहीं का?" तिनें उठतां उठतां उत्तर दिलें, "चुकलं, आजोबा." तिच्या डाव्या मनगटाचें हाड मोडलें आहे, हें आम्हांस तासाभरानें दवाखान्यांत कळलें.

वाचकहो, ज्या मनुष्यानें जवळजवळ चाळीस वर्षें सायकलीवरून शाळेंत जाऊन मुलांना संस्कृत शिकविलें, आणि तेवढ्या अवधींत मोटारवाल्यांच्या उर्मटपणावर घरीं, दारीं व शिक्षकांच्या खोलींत अखंड व्याख्यानें झोडलीं, त्याच मनुष्याचें हें वाक्य आहे. मोटारींत बसून मला पुरतीं दहा मिनिटेंही झालीं नव्हतीं. आसन बदललें आणि त्याबरोबर दृष्टीही बदलली. ती कशी बदलली, याचा विचार गेले कित्येक दिवस मी करीत आहें; तोच येथें मांडतों.

आज सायकल म्हणजे उद्यमनगरांतील मजुराचें किंवा शाळकरी पोराचें वाहन, अशी समजूत आहे. सुस्थितींतील घरचा कोणी सायकलीवर दिसलाच, तर तो वैद्याच्या सल्ल्यानें पहाटे रंकाळ्याला फेरी मारणारा असावयाचा. परंतु एके काळीं हीच सायकल श्रीमंतीची खूण होती. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईस व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक असतांना तेथून सायकली पाठवीत आणि त्यांचे बंधु रामूअण्णा त्या बेळगांवांत विकीत. १८८८ सालीं निघालेलें तें सायकलींचें दुकान हें किर्लोस्करांच्या सगळ्या उद्योगाचें मूळ. नांगर, इंजिनें आणि १९२० सालीं सुरू झालेलें त्यांचें मासिक हीं सर्व मागाहून आलीं. गिऱ्हाइकाला सायकलीवर बसावयास शिकविणें हाही त्या धंद्याचाच एक भाग होता. बेळगांवच्या रस्त्यांत तेव्हां पायीं चालणाऱ्यांना हा घंटी वाजवीत येणारा नवा प्राणी किती उद्दाम वाटला असेल, याची कल्पना करून पाहावी. भिंतीशीं दबून त्याला वाट देणारा म्हातारा त्याच्याविषयीं जें बोलला असेल, तेंच मी पुढें मोटारीविषयीं बोलत आलों.

आमच्या लहानपणींही सायकल इतकी पोरकी नव्हती. तिला नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला लागे, रात्रीं दिवा लागे, आणि डबलसीट जातांना पोलिसानें धरलें तर चाकांतली हवा जाई, तीं दोघेंही पायीं घरीं येत. तासाच्या भाड्यानें सायकल मिळे. ती आणून मोठ्या भावानें मागून धरावी, आपण पायडल मारावें, आणि मागें वळून पाहावें तों भाऊ दूर उभा राहून हंसत आहे, हा प्रसंग माझ्या वयाच्या बहुतेकांच्या आयुष्यांत एकदां तरी घडला असेल. मोटार तेव्हां क्वचित् दिसे. दसऱ्याच्या दिवशीं छत्रपतींची जुनी मेबॅक गाडी दसरा चौकांत येते, तिला लोक आजही आपण होऊन वाट देतात. वाहनाला मिळणारी ती आदराची वाट वेगळी. कर्ण्याच्या धाकानें काढलेली वेगळी.

आमच्या पेठेचे रस्ते बैलगाडी आणि म्हैस यांच्या मापाचे आहेत. त्यांच्या दोन्ही कडांना आतां मोटारी रात्रंदिवस उभ्या असतात, कारण वाडे पडून इमारती झाल्या तरी अनेक ठिकाणीं मोटारीला अंगण राहिलें नाहीं. नवरात्रांत अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्या परगांवच्या गाड्यांची त्यांत भर पडते. उरलेल्या मधल्या पट्टींतून मोटार, रिक्षा, मोटारसायकल, सायकल आणि माणूस यांनीं जावयाचें. दोन्ही वाहनांनीं निमूटपणें वाट द्यावी असा एकच प्राणी पेठेंत उरला आहे, तो म्हणजे म्हैस. तिनेंही पक्ष बदलला कीं काय न कळे. पाडव्याच्या दिवशीं सजविलेल्या म्हशी धन्याच्या फटफटीमागें धांवत सुटतात, हा सोहळा कोल्हापुराबाहेर सांगितला तर कोणाला खरा वाटत नाहीं!

अपघाताच्या रात्रीं जेवणें झाल्यावर आमच्या घरीं जो वाद झाला, तो थोडक्यांत सांगण्याजोगा आहे. चिरंजीव म्हणाले, "अप्पा, दार तुम्ही उघडलंत ही चूक खरी. पण सायकलवाले तरी नियम पाळतात का? रात्रीं दिवा नाहीं, उलट्या बाजूनें येतात, कानांत गाणीं लावलेलीं असतात. मागून मोटार आली हें त्यांना कळणार कसें?" यांतील एकही आरोप मला खोडतां आला नाहीं. गल्लींतून मुख्य रस्त्यावर येतांना न थांबतां वळणारीं मुलें मीं स्वतः पाहिलीं आहेत, आणि त्यांत माझे विद्यार्थीही होते. दिवा नसलेली काळी सायकल पावसाळी रात्रीं मोटारवाल्याला खरोखरच दिसत नाहीं. त्या रात्रीं मोटार हांकणाऱ्याच्या छातींत किती धस्स होतें, हें सायकलवाल्याला कधीं कळत नाहीं.

परंतु त्यांचा पुढला मुद्दा मला मान्य होईना. ते म्हणाले, "आम्ही रस्त्याचा कर भरतों; सायकल काय भरते?" मीं त्यांना टोलची आठवण दिली. शहरांतील सुमारें पन्नास किलोमीटरचे रस्ते खासगी कंपनीकडून करवून त्यावर टोल बसविण्यांत आला, तेव्हां सारें कोल्हापूर उठलें. प्रा. एन. डी. पाटील आणि गोविंदराव पानसरे यांच्यासारखे वृद्ध नेते पुढें होते. २०१५ च्या फेब्रुवारींत पानसऱ्यांचा खून झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस टोल रद्द झाल्याची घोषणा त्यांना ऐकावयास मिळाली नाहीं. त्या मोर्च्यांत ज्यांना टोल भरावाच लागणार नव्हता असे पायीं चालणारे आणि सायकलवालेही हजारोंनीं होते. गांवांतला रस्ता हा पैसे भरणाऱ्याचा नसून गांवाचा आहे, असेंच त्या वेळीं आपण सर्वांनीं सांगितलें ना? मग आज सायकलीपाशीं कराची पावती कां मागावी? घरपट्टी तर सायकलवाल्याच्या घरालाही चुकलेली नाहीं. यावर चिरंजीव हंसले आणि म्हणाले, "तुम्ही मोर्च्याला सायकलीवर गेलां होतां, आणि मी तुम्हांला न्यायला गाडी घेऊन आलों होतों." सूनबाईंनीं ताक आणून ठेवलें, आणि तो विषय तेथें थांबला.

मला मात्र झोंप येईना. मीं महाभारत काढलें. आदिपर्वांत कल्माषपाद राजाची कथा आहे. शिकारीनें थकलेला, भुकेला व तहानेला असा तो राजा अरण्यांतून परत येत असतां, एका वेळीं एकच माणूस जाईल अशा चिंचोळ्या वाटेवर त्याला समोरून वसिष्ठांचे पुत्र शक्ति येतांना दिसले. राजा म्हणाला, बाजूला हो. शक्ति म्हणाले, राजानें ब्राह्मणाला वाट द्यावी असा धर्म आहे. शब्दानें शब्द वाढला; राजानें चाबूक मारला. शक्तींनीं शाप दिला कीं तूं नरभक्षक होशील. तो झाला, आणि त्यानें पहिला घास घेतला तो शक्तींचाच. मागून वसिष्ठांचे बाकीचे पुत्रही गेले, आणि त्या ज्ञानी पुरुषानें पुत्रशोकानें जीव देण्याचे प्रयत्न केले.

शाळेंत ही कथा मी राजाच्या उन्मत्तपणाचें उदाहरण म्हणून सांगत असें. त्या रात्रीं ती निराळी दिसली. शास्त्राप्रमाणें शक्तींचें म्हणणें खरें होतें. पण खरें असूनही सबंध घर उजाड झालें, आणि एक पाऊल बाजूला होण्यास किती श्रम पडतील हा प्रश्न दोघांपैकीं एकानेंही स्वतःला विचारला नाहीं. आमच्या घराण्यांत आपलें म्हणणें शास्त्रशुद्ध ठरविण्याची संवय पिढीजात आहे, म्हणून हें विशेष लागलें. एवढाच फरक कीं, आजच्या सायकलवाल्यापाशीं शाप नाहीं. चाबूक मात्र मोटारवाल्याच्या हातीं शाबूत आहे.

दुसरे दिवशीं चिरंजीवांना मीं मनुस्मृतींतील यादी दाखविली. वाट कोणाला द्यावी, तर रथांतून जाणारा, नव्वदी ओलांडलेला, रोगी, ओझें वाहणारा, स्त्री, स्नातक, राजा आणि वर यांना. पहिला मान रथाला, हें पाहून ते खूश झाले. मीं म्हटलें, मूळ शब्द 'चक्रिन्' असा आहे. सायकलीलाही दोन चाकें आहेत! विनोद सोडला, तर त्या यादींत ज्याला चटकन बाजूला होणें जड जातें अशांचाच भरणा अधिक दिसतो. रथ लवकर वळत नाहीं, ओझेंवाला डोक्यावरचा भार सांवरीत असतो. आज जड कोणाला जातें? मोटार थांबविण्यास पायाखालची एक पट्टी दाबावी लागते आणि पुन्हां चालू करण्यास दुसरी. पंचगंगेकडून चढावर येणारा सायकलवाला एकदां थांबला, तर गेलेली गति त्याला स्वतःच्या छातींतून पुन्हां काढावी लागते. म्हणून तो थांबावयास नाखूष असतो. मोटारवाल्याला तो हट्टी वाटतो.

शिवाय वजनाचा हिशेब आहेच. लहानशी मोटारही हजार किलोच्या घरांत, सायकल पंधरा-वीस किलोंची. आणि वेग दुप्पट झाला कीं आघाताची शक्ति चौपट होते. २०२२ सालीं आपल्या देशांत रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं. त्यांत पायीं चालणारे बत्तीस हजारांहून अधिक आणि सायकलस्वार साडेचार हजारांहून अधिक होते. म्हणूनच २०१७ च्या वाहनचालनाच्या नियमांत पादचारी, सायकलस्वार, मुलें, वृद्ध आणि अपंग यांची विशेष काळजी घेण्याचें कर्तव्य चालकावर घातलें आहे. विनाकारण कर्णा वाजविण्यास २०१९ च्या दुरुस्तीनें पहिल्या वेळीं एक हजार रुपये दंड ठरला. तो वसूल होऊं लागला, तर एकट्या महाद्वार रोडच्या उत्पन्नावर महापालिका चालेल, असें आमच्या घरांतून म्हणणें पडलें.

हॉलंड देश सायकलींचा म्हणून सर्वांस ठाऊक आहे. तेथेंही युद्धानंतर मोटारी वाढल्या, रस्ते रुंद झाले, सायकली हटल्या. १९७१ सालीं त्या छोट्या देशांत सुमारें ३,३०० माणसें वाहनांखालीं मेलीं. त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. तेव्हां आईबाप रस्त्यावर उतरले. 'बालहत्या थांबवा' हेंच त्यांच्या चळवळीचें नांव होतें. सायकलींच्या स्वतंत्र वाटा तेथें जागोजाग झाल्या त्या त्यानंतरच्या काळांत. मोटार-सायकलींच्या टकरींत भरपाईचा भार तेथील कायद्यानें बहुतांशीं मोटारवाल्यावर पडतो. तेथील एक लहानशी संवय तर आपल्याला उद्यांपासून उचलतां येईल : मोटारीचें दार जवळच्या हातानें न उघडतां लांबच्या हातानें उघडावयाचें. आपल्याकडे उजव्या बाजूस बसलेल्यानें डावा हात वापरावा. तो हात कडीपर्यंत नेतांना शरीर आपोआप वळतें आणि नजर मागें जाते. इंग्लंडच्या वाहतूक-संहितेंत २०२२ सालीं हीच सूचना घातली गेली. मीं घरांतील सर्वांकडून ती दहा-दहा वेळां करवून घेतली. धाकट्या नातवाला तर तो खेळच वाटला.

त्या मुलीची सायकल मीं दुरुस्त करवून दिली. पुढचें चाक नवें घालावें लागलें. तिचे वडील माझे जुने विद्यार्थी. त्यांनीं मला एका शब्दानेंही दुखविलें नाहीं, इतकेंच म्हणाले, "सर, आतां सायकल बंद. थोडे दिवस रिक्षानें जाईल, मग दुचाकी घेऊन देऊं." मुलगी तेरा वर्षांची. अज्ञान मुलाच्या हातीं गाडी देणाऱ्या पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड आहे, हें मीं त्यांना सांगितलें. "सगळेच देतात, सर," असें ते म्हणाले, आणि तें खोटें नाहीं. मग त्यांनीं विचारलें, "सायकलीवर तिला पुन्हां कांहीं होणार नाहीं, अशी हमी तुम्ही देतां का?" मला ती देतां आली नाहीं. मी चहा घेऊन परत आलों.

मुलीच्या हाताचें प्लॅस्टर कधींच निघालें. सायकल त्यांच्या सोप्यांत भिंतीला टेकून उभी आहे. चाकांतली हवा गेली आहे. परवां फिरंगाईच्या देवळापाशीं ती मला भेटली आणि म्हणाली, "आजोबा, बाबांना तुम्ही सांगाल का? तुमचं ऐकतील ते." रविवारीं मी चिरंजीवांना घेऊन त्यांच्याकडे जाणार आहें. दोघे मिळून सकाळीं महिनाभर तिच्या मागें सायकलीवर शाळेपर्यंत जाऊं, असें चिरंजीवांनींच सुचविलें आहे. त्यांच्यासाठीं सायकल मात्र अजून मिळावयाची आहे. पूर्वीं जेथें तासाच्या भाड्यानें मिळे, तेथें आतां मोटारींच्या आसनांच्या गवसण्या विकतात.